वरची काडी

होळी गावातल्या त्या घरात खराटा कधी पुरता नांदला नाही. रेवाची आई स्वप्ना अंगण झाडायला नवा खराटा आणायची आणि बघता बघता तो टक्कल पडल्यासारखा विरळ व्हायचा. चोर घरातलाच होता. रेवाचे आजोबा हरिभाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून दोनच कामं मनापासून करत. सकाळी केळीच्या बागेत पाणी सोडायचं, आणि ते शेवटच्या आळ्यापर्यंत पोचेतो नातवंडांना काहीतरी शिकवायचं. शिकवायला काड्या लागत. मग खराट्यातला एखादा हीर ओढायचा, त्याचे बोटाएवढे तुकडे करायचे आणि ओट्यावर मांडायचे.

"बाबा, मी झाडू कशानं?" स्वप्ना विचारायची.

"काड्या परत मिळतील," हरिभाऊ म्हणायचे. "सध्या त्या शाळेत गेल्यात."

त्या मे महिन्यात काड्यांचा खेळ होता अंकांचा. डावीकडे दोन उभ्या, उजवीकडे दोन उभ्या, आणि वर, मध्ये, खाली अशा तीन आडव्या. सात काड्यांचा आठ होतो. मधली उचलली की शून्य. उजवीकडच्या दोनच ठेवल्या की एक. अकरा वर्षांच्या रेवाला हे पहिल्याच दिवशी जमलं. तिचा धाकटा भाऊ तेजस पाच मांडायला जायचा आणि दोन करून ठेवायचा, मग दोन्ही अंक एकमेकांची तोंडं फिरवून बसलेत असं हरिभाऊंनी सांगितलं तेव्हा त्यालाही जमलं.

"घड्याळात, वजनकाट्यावर, लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्रात, जिथं बघाल तिथं ह्याच सात काड्या," हरिभाऊ सांगत. "त्या यंत्राला अंक लिहिता येत नाहीत. त्याला एवढंच येतं की कुठल्या काडीनं जागं राहायचं आणि कुठल्या काडीनं झोपायचं. लाल आकडे असले तर प्रत्येक काडीमागं तिचा स्वतःचा दिवा असतो. कॅल्क्युलेटरमध्ये दिवा नसतो, तिथं काडी काळी पडते. पण काड्या सातच."

त्यानंतर होळीच्या बाजारात जाणं अवघड होऊन बसलं. भाजीवालीनं वांगी काट्यावर टाकली की तेजस वाकून बघायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "आई, चारमध्ये चार काड्या पेटल्या." भाजीवाली म्हणायची, "काड्या नको मोजू बाला, वांगी मोज."

*

याच सुट्टीत हरिभाऊंनी आणि रेवानं अंडी उबवायची पेटी केली. पेटी म्हणजे अर्नाळ्याच्या मासेवालीकडून मागून आणलेला थर्मोकोलचा खोका. आत एक बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याची वाटी, आणि झाकणावर तापमान राखणारी एक छोटी पट्टी. पट्टीवर तीन लाल आकडे. आत गारवा आला की पट्टी बल्ब लावायची, पुरेसं गरम झालं की घालवायची. सदतीस पूर्णांक पाचवर ती लावून ठेवली होती, कारण कोंबडीच्या पोटाखाली साधारण तेवढी ऊब असते.

शेजारची ॲंजेला मावशी ती पेटी बघायला आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "हरिभाऊ, ह्याच्यातून पिल्लं निघनार की पापलेट?"

"तीन वेळा धुतलाय खोका," हरिभाऊ म्हणाले.

"मग सुरमई निघंल."

मावशीला पेटीची गरज नव्हती. तिच्याकडे काबरी होती. ठिपक्याठिपक्यांची, मानेवर सोनेरी झाक असलेली ती गावठी कोंबडी मावशीच्या माहेरच्या कोंबड्यांच्या वंशातली शेवटची. दरवर्षी ती खुडूक व्हायची, म्हणजे अंडी घालणं थांबवून, पिसं फुलवून, जागेवरून न हलता बसून राहायची. मग मावशी टोपलीत पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवायची. बसवण्याआधी प्रत्येक अंड्यावर एका बाजूला कोळशानं छोटा क्रूस काढायची. तिची आई तसंच करायची. बाजारातून आणलेल्या पांढऱ्या कोंबड्या खुडूक होत नाहीत, त्यांना आई होणंच ठाऊक नाही, अशी मावशीची तक्रार होती. तिचा मुलगा मेलरॉय कॅनडातून फोन करायचा तेव्हा तो आधी काबरीची चौकशी करायचा आणि मग आईची, हीदेखील एक तक्रार होती.

यंदा काबरी नऊ अंड्यांवर बसली. आठवडा झाला असेल नसेल, भर दुपारी मुंगूस आलं. मावशी धावेपर्यंत काबरी गेली होती. पण जाईपर्यंत ती अंड्यांवरून उठली नव्हती. एकही अंडं फुटलं नव्हतं.

मावशी ती टोपली कडेवर घेऊन तशीच हरिभाऊंच्या ओट्यावर आली. टोपली तिनं अलगद खाली ठेवली. मग तिनं रेवाकडे बघितलं.

"तुझी ती माशांची पेटी चालते काय गं?"

"चालते मावशी."

"कोंबडा ऱ्हायलाय माझा. पन तो काय अंडी घालनार नाय. हेच काय ते ऱ्हायलंय. बघशील?"

"बघीन," रेवा म्हणाली. तिला त्या क्षणी दुसरं काही म्हणताच आलं नसतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द तिला जड वाटायला लागला. शाळेतलं झाड जगवायचं राहिलं तर दुसरं लावता येतं. काबरी दुसरी आणता येणार नव्हती.

ती नेमानं अंडी फिरवू लागली. क्रूस वर असले की सगळे खाली, खाली असले की सगळे वर. मावशीच्या आईची पद्धत पेटीतही उपयोगी पडली. कोंबडीही अंडी अशीच चोचीनं फिरवते, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं, असं हरिभाऊंनी सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती. पट्टीवर तीन बटणं आहेत. न समजता त्यातलं एकही दाबायचं नाही.

"समजलं की दाब," ते म्हणाले होते. "नाही समजलं तर हात मागे बांधून उभी राहा."

*

हरिभाऊंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा दिवस आधीच ठरलेला होता. सकाळी ऑपरेशन झालं आणि दुपारी ते डोळ्यावर पट्टी लावून घरी आले. पट्टी दुसऱ्या दिवशी निघणार होती. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. त्या डोळ्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं, खिडकीत कोण आहे ते कळत नसे. वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, पेटीजवळ तर नाहीच, अशी तंबी देऊन स्वप्ना डोळ्यात घालायचे थेंब आणायला पारनाक्याला गेली. होळीच्या दुकानात ते मिळाले नव्हते.

रेवा अंडी फिरवायला आतल्या खोलीत गेली आणि दारातच थांबली.

पट्टीवर एकतीस पूर्णांक पाच दिसत होतं.

तिनं डोळे चोळून बघितलं. एकतीस. मग ते एकतीस पूर्णांक सहा झालं, परत पाच झालं. तिनं झाकणात बसवलेल्या काचेतून आत बघितलं. बल्ब विझलेला होता. इतका गारवा आणि बल्ब विझलेला? मग तिच्या लक्षात आलं, कुणीतरी आकडाच खाली आणला असणार. तिनं पहिलं बटण दाबलं. ते दाबलं की कितीवर लावलंय ते दिसायचं. एकतीस पूर्णांक पाच. म्हणजे पट्टीला आता एकतीसच हवे होते.

"तेजस!"

तेजस कैरीची फोड खात दारात आला.

"बटण दाबलंस तू?"

"नाही."

"मग कोणी दाबलं? मुंगसानं?"

"मी फक्त बघत होतो. सकाळी पण बघत होतो. हात लावला नाही."

"परवा लावला होतास."

"परवा लावला होता. आज नाही लावला," तेजस म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, पण ते तिला दिसू नयेत म्हणून तो कैरी घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसला.

रेवानं आईला फोन लावला.

"कमी झालंय तर वाढव की," स्वप्ना घाईत म्हणाली. मागे दुकानातली गर्दी ऐकू येत होती. "माझा नंबर आलाय. वाढव आणि आजोबांना उठू देऊ नकोस."

वाढव. सोपं होतं. रेवानं दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. प्रत्येक दाबाला आकडा थोडा थोडा वर चढणार होता. एकतीस पूर्णांक सहा. सात. आठ. नऊ. आता बत्तीस येणार, मग तेहतीस, आणि सदतीसपर्यंत पोचलं की थांबायचं. तिनं परत दाबलं.

बत्तीस आले नाहीत.

तीन होता, शेवटी शून्य होतं, पण मधे भलतंच काहीतरी उमटलं होतं. तो दोन नव्हता. तो कुठलाच अंक नव्हता. इंग्रजी एच असावा आणि कुणीतरी त्याला खालून कडी घालावी तसं काहीतरी.

तिचं बोट बटणावरच होतं. आणखी दाबलं तर कदाचित नीट होईल. कदाचित बटण अडकलं असेल. आतली अंडी गार पडत असतील, प्रत्येक मिनिटाला आणखी गार. आणि तरी तिला ते समजलं नव्हतं. तिनं बोट उचललं, हात पाठीमागे बांधले आणि त्याच स्थितीत आजोबांच्या खोलीत गेली.

*

हरिभाऊ उशांना टेकून बसले होते. शेजारच्या खुर्चीवर ॲंजेला मावशी होती, त्यांच्यासाठी पेज घेऊन आलेली. रेवानं सगळं सांगितलं. मावशीचा चेहरा उतरला, पण ती उठली ती थेट पेटीकडेच गेली. झाकण थोडंसं उचलून तिनं एक अंडं काढलं, डोळा मिटला आणि ते अलगद पापणीवर टेकवलं.

"हे काय करतेस मावशी?"

"हाताला काय कळत नाय, हात राकट. पापनीला कळतं." तिनं अंडं परत ठेवलं. "गार नाय वाटत मला. पन मी काय पेटी नाय, बाय. थोडं कमी जास्त मला नाय सांगता यायचं."

रेवानं परत येऊन ते सांगितलं.

"म्हणजे दोन साक्षीदार आहेत," हरिभाऊ म्हणाले. "एक म्हणतो गार, एक म्हणतो गार नाही. आता मला तो मधला आकडा सांग. कसा होता?"

"एच सारखा. पण खालून बंद."

"असं नाही दिसत मला. काड्या आण."

रेवा खराट्याकडे धावली, पण तेजस तिच्याआधी पायरीवरून उठला होता. त्यानं हीर ओढला, तुकडे केले आणि मूठभर काड्या तिच्या हातात कोंबल्या. तिच्याकडे न बघता.

तिनं आजोबांच्या मांडीवर पाट ठेवला आणि त्यावर काड्या मांडल्या. डावीकडे दोन उभ्या. उजवीकडे दोन उभ्या. मधली आडवी. खालची आडवी. हरिभाऊंनी दोन्ही हातांची बोटं त्यावरून हळू फिरवली, एखाद्या झोपलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरून फिरवावीत तशी.

"डोळा तुमचा पन बंद, पेटीचा पन बंद," मावशी दारातून म्हणाली. "छान जमलंय दोघांचं."

"गप गं ॲंजेला. रेवा, किती काड्या झाल्या?"

"सहा."

"कुठली जागा रिकामी आहे?"

"वरची."

हरिभाऊंनी पुढं काही विचारलं नाही. ते नुसते बसून राहिले. रेवाला वाटलं, ते विचार करताहेत. मग तिला कळलं की ते तिच्यासाठी थांबलेत. तिनं पाटाकडे बघितलं. एक काडी उचलली आणि रिकाम्या जागी ठेवली.

"आठ," ती म्हणाली.

"बरं."

"म्हणजे तिथं आठ यायचा होता. वरची काडी पेटलीच नाही." ती थांबली. "पण आजोबा, एकतीसनंतर अडतीस कसे येतील?"

"कसे येतील?"

"नाही येणार. अडतीसच्या आधी सदतीस येतात." तिनं पाटावरच्या काड्या भराभर काढल्या. उजवीकडच्या दोन उभ्या ठेवल्या, वर एक आडवी ठेवली. सात. मग ती वरची काडी दोन बोटांत धरून तिनं अलगद उचलली.

खाली एक उरला.

मागे येऊन उभा राहिलेला तेजस हळूच म्हणाला, "ते सदतीसच होते."

"मी वाढवत होते," रेवा म्हणाली. "बटण जर अडकलंय म्हणून दाबत राहिले असते, तर..."

"तर आपण अंडी उबवली नसती, उकडली असती," हरिभाऊ म्हणाले. "पण तू दाबत राहिली नाहीस. आता मला सांग, वरचीच काडी गेली हे आपण ठरवलं. ते खरं कशावरून? आपल्याला तसं हवंय म्हणून ते खरं होत नाही."

हे मात्र रेवाला आवडलं नाही. उत्तर मिळालं होतं, ते पुरेसं नव्हतं का? पण मावशीची नऊ अंडी होती. तिनं डोकं चालवलं. पेटी पहिल्यांदा सुरू केली तेव्हाचा दिवस तिला आठवला. वीज लागताच पट्टीवर क्षणभर तीन आठ उमटले होते, आणि तिनं घाबरून विचारलं होतं, इतकं गरम? हरिभाऊ तेव्हा हसले होते. पट्टी कामाला लागण्याआधी आपल्या सगळ्या काड्या पेटवून दाखवते, शाळेत हजेरी घेतात तशी, म्हणजे कोण गैरहजर आहे ते बघणाऱ्याला कळावं.

"हजेरी," ती म्हणाली. "बंद करून परत चालू करायची."

"कर की."

"पण परत चालू झालीच नाही तर?"

हरिभाऊंनी डोकं हलवलं. "तसं होऊ शकतं. मग मावशी अंडी पदरात घेईल आणि आपण दुसरी पट्टी येईपर्यंत तिला पेज पाजू. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला अंड्यांवरून उठते. क्षणभरानं काही होत नाही."

"मी खुडूक बसायची ऱ्हायले होते आता," मावशी म्हणाली, पण तिनं खरंच पदर सावरून घेतला.

सगळे पेटीभोवती जमले. हरिभाऊ पलंगावरूनच म्हणाले, "मला मोठ्यानं सांगा." रेवानं भिंतीवरचं विजेचं बटण बंद केलं. लाल आकडे गेले, पंख्याची घरघर थांबली. खोली एकदम रिकामी वाटली. तिनं परत बटण दाबलं.

डावीकडे पूर्ण आठ. उजवीकडे पूर्ण आठ. आणि मधे, दोन धडधाकट भावांच्या मधे तिसरा उघड्या डोक्यानं उभा राहावा तसा, वरची काडी नसलेला आठ. क्षणभरच. मग पंखा घरघरला आणि आकडे आपल्या जागी आले.

"आजोबा, वरची गैरहजर," तेजस ओरडला. "मधल्याची वरची. बाकी सगळ्या हजर."

रेवानं चढवलेला आकडा तिसऱ्या बटणानं परत खाली आणला. आता तिला प्रत्येक दाबाला काय होतंय ते माहीत होतं. पट्टी एकतीस पूर्णांक पाच दाखवू लागली आणि ती तिथं थांबली.

मावशीनं मात्र आणखी एकदा एक अंडं पापणीला लावलं. "असू दे," ती म्हणाली, "माझी हजेरी मी घेते."

संध्याकाळी तेजस पायरीवर बसला होता. रेवा त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"उद्यापासून सकाळची अंडी तू फिरव," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज. हात धुऊन."

"आणि तू ओरडलीस ते?"

"ते चुकलं."

तेजसनं थोडा विचार केला. "दुपारची पण मी फिरवणार," तो म्हणाला, आणि रेवानं मान्य केलं.

*

दुसऱ्या दिवशी हरिभाऊंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ते घरी आले ते चपला न काढताच आतल्या खोलीत गेले. स्वप्ना मागून ओरडत राहिली. त्यांनी चष्मा जरा वर केला. नव्या डोळ्याला झाकणावरची कोळ्याच्या जाळ्याची बारीक तारसुद्धा दिसत होती.

"अरे, हे तर एकतीस आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "वाढवायला हवं."

"आजोबा, चिठ्ठी वाचा," तेजस म्हणाला.

पट्टीच्या वर रेवाच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. *वरची काडी गेली आहे. समजून वाचा.* हरिभाऊंनी तो दोनदा वाचला. मग चष्मा खाली केला आणि बराच वेळ काढून तो नाकावर नीट बसवला.

नवी पट्टी मागवायची का, असं स्वप्नानं विचारलं. रेवा नको म्हणाली. ह्या पट्टीची खोड आता कळली होती, नव्या पट्टीची कळायची होती.

अंडी फुटायची वेळ आली तेव्हा ॲंजेला मावशी सकाळपासूनच येऊन बसली. मेलरॉय फोनवर होता आणि दर थोड्या वेळानं "झालं का?" विचारत होता. पहिल्या अंड्यावर क्रूसाच्या जवळच एक बारीक टवका उडाला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. तेजसनं विचारलं, मदत करू का? मावशीनं त्याचा हात धरून ठेवला. "त्याचं त्याला करू दे. मदत केली की पिल्लू अशक्त ऱ्हातं."

संध्याकाळपर्यंत सात पिल्लं निघाली. दोन अंडी तशीच राहिली. मावशीनं ती उचलून कानाशी धरली, मान हलवली आणि वेगळी ठेवली. रेवाचा चेहरा बघून ती म्हणाली, "काबरीखाली पन एखाददुसरं ऱ्हायचंच, बाय. सगळी कधीच निघत नाय."

ओली पिल्लं बल्बखाली हळूहळू वाळून फुगली. पाच पिवळट होती, एक काळं होतं. सातवं सगळ्यात उशिरा निघालेलं, अजून धड उभं राहता येत नव्हतं. त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपके उमटायला लागले होते. हरिभाऊंनी ते तळहातावर घेतलं, चष्मा काढला आणि उजेडाकडे धरून बघितलं.

"ॲंजेला," ते म्हणाले, "बघ बरं. मला आता दिसतंय, पण ओळख तुझी."

मावशी पुढं झाली. तिनं पिल्लाला हात लावला नाही. मान वाकवून डोळा मिटला आणि पापणी त्याच्या पाठीला टेकवली. पिल्लू ओरडलं.

"तीच," ती म्हणाली.

स्वप्ना दारात उभी होती, हातात बाजारातून आणलेला नवा खराटा. तिनं तो भिंतीला टेकवला. थोड्या वेळानं रेवानं बघितलं, तर आई जमिनीवर पिल्लांसमोर बसली होती आणि खराट्यातला एक हीर ओढून त्याचे बोटाएवढे तुकडे करत होती.